पहाटे उठले खरे, पण जाग कधी येणार?

पहाटे उठूनही तरतरी येत नाही, डोकं जड राहतं, कामात चुका होतात अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी लिहावं, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रांचा ढीग आला. त्यातली बरीचशी बायकांची, आणि कित्येकींनी शेवटी लिहिलंय, ‘रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सगळं आवरून आत्ता लिहायला बसले.’ म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं. मी मिरजेत फॅमिली डॉक्टर आहे, झोपेची तज्ज्ञ नाही. तज्ज्ञाकडे कुणी जायचं ते त्या त्या उत्तरात सांगितलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचकेत राहतो. वय ४२. पावणेपाचला उठते, दोन डबे करते आणि सव्वासहाला घर सोडते. ऑफिस फोर्टला. उठल्यावर पहिला अर्धा तास मी कुठे असते ते माझं मलाच कळत नाही. परवा भाजीत दोनदा मीठ पडलं, त्याच्या आधी एकदा कुकरमध्ये खाली पाणीच घातलं नव्हतं. अलार्म तीन लावते. तीन कप चहा पोटात गेला की डोळे उघडतात. झोपायला पावणेबारा होतात, कारण टीव्ही हॉलमध्ये आणि आम्ही दोघं झोपतोही हॉलमध्येच. रविवारी मात्र आठपर्यंत उठवत नाही. उठल्याबरोबर ताजंतवानं वाटेल अशी एखादी सवय सांगा.

उत्तर : ताई, मीठ दोनदा पडलं म्हणून स्वतःला वेंधळी म्हणवून घेऊ नका. माणूस उठतो तेव्हा मेंदू सगळाच्या सगळा एकदम उठत नाही. हातपाय चालायला लागतात. लक्ष ठेवणं, मोजणं, ‘हे मघाशी केलं का’ हे आठवणं, ही कामं करणारा पुढचा भाग मागाहून येतो. याला आम्ही स्लीप इनर्शिया म्हणतो. साधारण पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत ही गुंगी टिकते, झोप अपुरी असेल किंवा गाढ झोपेतून उठवलं असेल तर त्याहून जास्त. ती प्रत्येकाला असते. फक्त आठ तास झोपून सातला उठणाऱ्याला ती दात घासता घासता जाते, आणि तुम्हाला ती फोडणी देताना गाठते.

म्हणून पहिली गोष्ट, त्या अर्ध्या तासात अक्कल लागेल असं कामच ठेवू नका. भाजी रात्री चिरून ठेवा. मीठ रात्रीच एका छोट्या वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलं, आठवायची गरजच नाही. कुकरमध्ये पाणी घालून तो ओट्यावर ठेवूनच झोपा. सकाळी उठल्यावर आधी चेहऱ्यावर गार पाण्याचे सपकारे, मग पिण्याचं पाणी भरणं, दुधाची पिशवी घेऊन येणं, अंथरुणं काढणं असली चालती-फिरती कामं. गॅस आणि सुरी त्यानंतर.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते सगळ्या सवयींमध्ये हिचं वजन सर्वात जास्त आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम बघणं हे नाही. उजेड किती आहे याची वर्दी त्या थेट मेंदूतल्या घड्याळाला देतात. शरीराचं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबाश आणि यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाला पटेल इतका उजेड घरात नसतो. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड भरतो शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). ढगाळ सकाळी गॅलरीत उभं राहिलात तरी तो हजारात जातो, आणि उघड्या उन्हात काही दहा हजारांत. डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, घड्याळाला जाणवतो.

आता तुमची अडचण अशी की पावणेपाचला बाहेर अंधारच असतो. त्यातून आपण पडलो पश्चिमेचे. भारताची वेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावरून आणि मुंबई आहे ७३ अंशांच्या आसपास, म्हणजे तुमचा सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ ३९ मिनिटं मागे. गडचिरोलीतल्या बाईला तुमच्या अर्धा तास आधी उजाडतं. (१९०६ साली देशाला एक वेळ लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची वेगळी वेळ बरीच वर्षं सोडली नव्हती, हट्ट अगदीच निराधार नव्हता.) मुंबईत जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, जूनमध्ये सहाला. तेव्हा असं करा. उठल्याबरोबर घरातले सगळे दिवे लावा, नवऱ्याच्या डोळ्यांवर आले तर येऊ देत. झीरोच्या दिव्यात चाचपडत स्वयंपाक करण्यात कसलाही त्याग नाही. उन्हाळ्यात स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत जा. हिवाळ्यात सीएसएमटीला उतरल्यावर फोर्टपर्यंत चाला, आणि सावलीची बाजू सोडून उन्हाच्या बाजूने चाला. तो उजेड त्या दिवसापुरता नसतो. त्याने रात्रीची झोपही थोडी अलीकडे सरकते.

गाडीत बसायला मिळालं तर बिनधास्त डोळे मिटा. फोनला व्हायब्रेशनवर वीस मिनिटांचा गजर लावून तो मुठीत धरा. वीस मिनिटांची डुलकी फायद्याची असते. पाऊण-एक तास झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि घरची गुंगी ऑफिसात येईल.

तीन अलार्मबद्दल मी फार कडक नाही. स्नूझला, म्हणजे गजर पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्याला, उगाच फार शिव्या पडतात. २०२३ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात रोज स्नूझ करणाऱ्यांना अर्धा तास तसं करू दिलं, तर उठल्यावर त्यांचं डोकं काही वाईट चाललं नाही. पण तुम्ही मुळात पाच तास झोपता. त्यातला शेवटचा अर्धा तास असा तुकड्या-तुकड्यांनी का घालवायचा? एकच अलार्म, खरा वेळेचा, आणि फोन ओट्यावर.

चहाचं थोडक्यात. दिवसभर जागं राहताना मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. झोप संपत नाही, तिचा निरोप पोचत नाही एवढंच. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. सकाळचे तीन कप मला चालतील. घरी परत आल्यावर संध्याकाळी साडेसहाला जो घेता (पत्रात लिहिला नाहीत, पण घेत असणार), तो बंद करा. पावणेबाराला त्यातलं निम्मं अंगात असतं.

आणि आता खरं दुखणं. पावणेबारा ते पावणेपाच म्हणजे पाच तास. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. वर लिहिलेलं सगळं नेमाने केलंत तरी दोन तासांची तूट त्याने भरून निघणार नाही. रविवारी आठपर्यंत झोप येते ती आळसाने नाही, शरीर वसुली करतंय. (तिथेही आठऐवजी सहाला उठून दुपारी जरा आडवं व्हा; नाहीतर सोमवारची पहाट आणखी अवघड जाते.) म्हणून हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा : साडेनऊला टीव्हीचा आवाज बंद, ज्यांना बघायचंय त्यांनी इअरफोन लावायचे आणि पडदा भिंतीकडे वळवता येत नसेल तर मोबाइलवर बघायचं. रात्रीची भांडी आणि सकाळची कणीक, यांतलं एक काम नवऱ्याचं. कणीक मळायला कुठलंही विशेष प्रशिक्षण लागत नाही, माझ्या घरी हे तपासून झालंय.

प्रश्न : मी पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. पाचला अभ्यासिकेत पोचतो, पण सातपर्यंत नुसता पेंगतो. रील्समध्ये सांगतात की उठल्यावर दीड तास चहा घ्यायचा नाही आणि बर्फाच्या पाण्याने आंघोळ करायची. दोन्ही करून बघतोय. फरक नाही.

उत्तर : पडणार नव्हताच. चहा उशिरा घेण्यामागचा युक्तिवाद असा की उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शरीर स्वतःच कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक वाढवतं, मग चहा कशाला. कॉर्टिसॉल वाढतं हे खरं. पण चहा दीड तास लांबवल्याने माणूस जास्त जागा राहतो, असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा नाही. चहाची तल्लफ आली की घे. गार पाण्याने दचकून जाग येते, तेही खरं, पण दचकणं दहा मिनिटांत संपतं. चेहरा आणि मान धुतलीस तरी तेवढंच मिळतं.

तू पत्रात झोपायची वेळ लिहिलेली नाहीस. तुझ्या वयाची मुलं-मुली ती नेहमी विसरतात. एक वाजेपर्यंत वाचून किंवा फोन चाळून पाचला अभ्यासिकेत बसण्यात हशील नाही. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं काम झोपेत चालतं; झोप कापलीस की वाचलेलंही कापलं जातं. अकरा ते साडेसहा झोप, साडेसातला खुर्चीत बस. शेजारच्याने पाचला जागा धरली असेल, धरू दे. परीक्षा त्याला जागा धरल्याचे मार्क देत नाही.

प्रश्न : आमचे चिरंजीव आणि सूनबाई सकाळी आठला उठतात. मी गेली चाळीस वर्षं चारला उठतो. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचे शास्त्रीय फायदे सविस्तर लिहावेत, म्हणजे सूनबाईंना दाखवता येतील. सूनबाई आयटीत आहेत, त्यांचे परदेशी लोकांशी कॉल रात्री बारा-साडेबारापर्यंत चालतात. — नागपूर

उत्तर : काका, दाखवताना हे संपूर्ण उत्तर दाखवा. मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांना लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे तो घड्याळाच्या चाराला बांधलेला नाही, सूर्याला बांधलेला आहे. नागपुरात जूनमध्ये तो चारच्या सुमारास लागतो खरा. पण जानेवारीत सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, तेव्हा तो सव्वापाचला लागतो. म्हणजे हिवाळाभर तुम्ही मुहूर्ताच्या तासभर आधीच उठून बसता.

शास्त्राला ऋतू कळत होते. आणि ज्यांनी हा मुहूर्त सांगितला त्यांच्या घरी दिवेलागणीनंतर लवकरच अंधार होई, परदेशी कॉल नव्हते. साडेबाराला कॉल संपवून, डोळे स्क्रीनवरून काढून झोप लागायला एक होतो. आठला उठली तर सात तास झाले. सूनबाई अगदी बरोबर उठते. वय वाढलं की शरीराचं घड्याळ आपोआप अलीकडे सरकतं, साडेनऊला डोळे मिटतात आणि चारला टक्क उघडतात; यात पुण्य थोडं आणि वय जास्त. तुम्ही चारला उठता तर गॅस हळू पेटवा, भजनाचा आवाज कमी ठेवा आणि सूनबाईसाठी आठचा चहा तुम्ही करा.

प्रश्न : लातूरहून लिहिते. वय ३६. थायरॉइडची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. साडेपाचला उठते, पण अंग दगडासारखं. केस गळतात, जिना चढले की धाप लागते. गोळी सकाळी चहासोबत नियमित घेते.

उत्तर : ‘चहासोबत’ हा शब्द पत्रात लिहिलात ते फार बरं झालं. थायरॉइडची गोळी चहा-कॉफीसोबत नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवा, डोळे उघडल्याबरोबर घ्या, मग तोंड धुणं, झाडलोट. चहापर्यंत वेळ आपोआप जातो. असं दीड-दोन महिने करून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा, डोस तोपर्यंत स्वतःहून वाढवू नका.

जिना चढताना धाप लागते म्हणता, त्यासाठी हिमोग्लोबिनही याच आठवड्यात बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आढळलं. दवाखान्यात ‘सकाळी उठवत नाही’ म्हणून येणाऱ्या बाईची मी आधी खालची पापणी ओढून बघते, सवयीबिवयी नंतर. पापणी आतून पांढरट असेल तर सूर्यनमस्काराने ती लाल होत नाही. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तोही सोडा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावात राहते. पहाटे लवकर जाग येते. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे गार पाण्याने आंघोळ केली की दिवस चांगला जातो असं वाटतं, पण मुलगा नको म्हणतो.

उत्तर : आजी, मुलाचं ऐका. झोपेतून उठताना रक्त पायांकडे उतरतं, तरुणपणी नसा ते लगेच सावरतात, वयाने आणि गोळ्यांनी त्यांना वेळ लागतो. जाग आली की आधी आडव्यानेच पावलं वर-खाली हलवा. मग कुशीवर होऊन बसा, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसूनच राहा, उशाशी ठेवलेलं भांडंभर पाणी प्या आणि मग कशाचा तरी आधार धरून उठा. अंधारात मोरीकडे जाऊ नका. डॉक्टरांना सांगून बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. फार उतरत असेल तर ते गोळी किंवा तिची वेळ बदलतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही.

हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळात जास्त येतात, आणि थंडीत अचानक गार पाणी अंगावर घेतलं की नसा आकसून रक्तदाब वर उडी मारतो. तुमच्या वयात आंघोळ उजाडल्यावर, कोमट पाण्याने. तरतरीसाठी अंगणात ऊन आलं की तिथे बसून लसूण सोला, शेंगा फोडा. तेवढा उजेड पुरतो.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे आणि चार म्हशी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात अकरा-बाराला दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातो, दोन-तीनला येऊन पडतो आणि साडेचारला धारा काढायला उठतो. सहाला डेअरीला दूध. गाडीवर डोळे मिटतात. मित्र म्हणतो तंबाखूची चिमूट धर, झोप उडते. काय करू?

उत्तर : दादा, तंबाखू नाही. तुमच्या मित्राच्या तोंडात दहा वर्षांनी काय होतं ते बघायला आम्हालाच बसावं लागतं.

तुमच्या जिल्ह्यातले असे रुग्ण मी रोज बघते. कारखान्याच्या पाळीवाल्याला निदान पाळी संपल्यावर घरी जाऊन झोपता येतं. शेतकऱ्याची रात्रपाळी संपते तिथे म्हशीची पाळी सुरू होते. आठवडाभरात शरीराचं घड्याळ रात्रीला सरावत नाही, सरावायला लागतं तोवर लाईट दिवसाची होते. म्हणून घड्याळ फिरवायच्या नादाला लागू नका. झोप तुकड्यांत घ्या, पण तुकडे ठरलेले ठेवा.

रात्रीच्या आठवड्यात सात-सव्वासातला जेवून साडेसात ते साडेदहा झोपा. घरच्यांना सांगा, या वेळात हाक नाही, फोन नाही, पाहुणे आले तरी नाही. ही झोप आधी घेतलेली असते म्हणून ती रानात उपयोगी पडते. परत आल्यावर साडेचारपर्यंत मिळेल तेवढी. मग धारा, डेअरी, आणि घरी येऊन नाश्ता झाला की नऊ ते बारा पुन्हा, आतल्या खोलीत, खिडकीला जाड चादर लावून. दुपारी तीननंतर झोपू नका. हे मिळून सात तासांच्या पुढे जातं. गावात लोक म्हणतील दिवसाढवळ्या झोपतोय. म्हणू देत, दारं धरायला ते येणार नाहीत.

साडेचारला उठल्यावर गोठ्यातला दिवा मोठा लावा. तिथे पन्नास-शंभर रुपयांचा मिणमिणता बल्ब असतो बहुतेकांकडे. दोन चांगल्या एलईडी ट्यूब लावा. म्हशीलाही काही वाटत नाही आणि कास नीट दिसते, सडाला चीर पडली असेल तर कळते. पहिली म्हैस शांत असेल ती घ्या, लाथ मारणारी शेवटी, तोवर तुमचे हातपाय जागे होतात.

डेअरीच्या आधी मात्र हे करा. कॅन भरून झाले की कपभर चहा प्या आणि लगेच गोठ्याच्या कट्ट्यावर वीस मिनिटांचा गजर लावून पडा. कॅफीनला काम सुरू करायला वीस-तीस मिनिटं लागतात. डुलकी संपते आणि चहा लागू पडतो, दोन्ही एकाच वेळी. हे उलट वाटतं, पण चांगलं चालतं. ज्या दिवशी एवढंही जमणार नाही, त्या दिवशी दूध शेजाऱ्याच्या गाडीवर पाठवा. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि झोपेत डोळा तीन सेकंद मिटला तर गाडी चाळीसच्या वेगाने तीसेक मीटर पुढे गेलेली असते. झोप येतेय हे डोळे मिटणाऱ्याला कळतं, डोळा मिटला ते कळत नाही.

रानात जाताना गमबूट आणि बॅटरी, हे सांगायला नको. मण्यार (विषारी साप) रात्रीचीच फिरते आणि पेंगुळलेला पाय कुठे पडतो ते बघत नाही. जमलं तर थोड्या क्षेत्राला ठिबक करा. मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवला तरी पाटपाण्यात दारं मोडायला माणूस लागतोच, ठिबकला लागत नाही. डॉक्टरने ठिबक लिहून द्यावं हे विचित्र आहे, पण तुमच्या झोपेवर माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही.

प्रश्न : ठाण्याला राहतो. मुलगा सातवीत, शाळा सातची. सहाला उठवताना रोज रडारड. बस येईपर्यंत अर्धा झोपेतच असतो.

उत्तर : सातवीतल्या मुलाला नऊ तास तरी झोप हवी, म्हणजे सहाला उठवायचं तर नऊला दिवा बंद. शासनाने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. तुमचा मुलगा त्यात बसत नाही. आंघोळ, दप्तर, गणवेश हे रात्रीचं करा, सकाळचा अर्धा तास वाचतो आणि साडेसहाला उठवलं तरी चालतं. उठवताना हाका मारू नका, आधी पडदा सरकवा आणि दिवा लावा, पाच मिनिटं थांबा. पुढच्या एक-दोन वर्षांत त्याला रात्री आणखी उशिरा झोप यायला लागेल. ते वयाचं आहे, त्यासाठी मोबाइलच्या नावाने रोज भांडू नका. मोबाइल रात्री तुमच्या खोलीत ठेवलात की पुरे.

प्रश्न : नवऱ्याविषयी विचारते. वय ४८, वजन ९६ किलो. रात्री दहाला झोपतात, सहाला उठतात, आठ तास पुरे. तरी सकाळी डोकं दुखतं, पेपर वाचता वाचता मान पडते. घोरणं इतकं की मुलं दुसऱ्या खोलीत झोपतात. मध्येच घोरणं थांबतं, मी घाबरून हलवते, मग मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू. ते म्हणतात, घोरतो म्हणजे गाढ झोप लागते. व्यवसायाने ड्रायव्हर आहेत.

उत्तर : ताई, या पत्राला सवयींचं उत्तर नाही. घोरणं मध्येच थांबतं तेव्हा घशाची वाट बंद होऊन त्यांचा श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि मेंदू त्यांना क्षणभर जागं करून श्वास घ्यायला लावतो. रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं. त्यांना आठवत नाही, पण झोप होत नाही ती नाहीच. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

त्यांना छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी, करून घ्या. आता ती घरी यंत्र नेऊनही होते. जाण्याआधी रात्री पाच मिनिटं त्यांच्या घोरण्याचा व्हिडिओ काढा, श्वास थांबतो ते त्यात येऊ दे. डॉक्टरांना त्याने पटकन कळतं आणि नवऱ्यालाही पटतं. दारू घेत असतील तर ती आणि झोपेची गोळी, दोन्ही बंद. घसा आणखी सैल पडतो. तपासणी होईपर्यंत कुशीवर झोपू द्या. मालकाला सांगून तोवर रात्रीच्या आणि लांबच्या फेऱ्या थांबवा, आणि सकाळी मान पडत असेल त्या दिवशी गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.